सालीचा काढा आणि बशीतला कर्करोग

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर दोन बातम्या अधूनमधून येत असतात. पहिली आनंदाची: अमुक झाडाच्या सालीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, किंवा रोगजंतूंची वाढ थांबते, असं एका महाविद्यालयातल्या संशोधनात दिसलं. दुसरी वनखात्याची: सह्याद्रीच्या रानातून नरक्या नावाच्या झाडाचं लाकूड आणि साल भरून चाललेली गाडी पकडली. पहिली बातमी दुपारच्या आत घरच्या ग्रुपवर येते. दुसरी कुणी पुढे पाठवत नाही.

पहिल्या बातमीखाली मग प्रश्न सुरू होतात. ओढ्याकडेच्या अर्जुनाची साल उकळून प्यायली तर चालेल का? किती प्यायची? बीपीची गोळी बंद करता येईल का? हे प्रश्न विचारणारी माणसं भाबडी नाहीत. महिन्याचं औषधाचं बिल त्यांना भरायचं असतं, आणि झाडांच्या सालींनी जगाला मोठी औषधं दिलेली आहेत हेही खरंच आहे. म्हणून "असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका" एवढं म्हणून भागत नाही. त्या बातमीत नेमकं काय सांगितलेलं असतं आणि काय सांगितलेलं नसतं, ते नीट उलगडून बघायला हवं. दुसऱ्या बातमीशी तिचं नातं काय, हेही त्यात येईल.

औषध सालीतच का सापडतं?

झाड पळू शकत नाही. किडा आला, बुरशी आली, जनावराने दात लावला, तरी त्याला जागेवरच उभं राहून तोंड द्यावं लागतं. साल ही त्याची बाहेरची हद्द. तिचे ढोबळमानाने दोन थर असतात. बाहेरची खरबरीत साल मेलेल्या पेशींची असते. तिच्यातून पाणी सहजासहजी आत-बाहेर जात नाही. तिच्या आतली ओलसर, नरम साल मात्र जिवंत असते. पानांत तयार झालेली साखर मुळांपर्यंत याच आतल्या सालीतून जाते.

म्हणजे झाडाचं अन्न नेमकं इथून वाहतं, आणि किड्याला हवं असतं तेही इथेच. साहजिकच झाड आपली संरक्षक रसायनं या भागात साठवतं. तोंड आवळणारी तुरट द्रव्यं, कडू जहाल द्रव्यं, चिकट राळ, हे सगळं झाडाने स्वतःसाठी केलेलं असतं. माणसाच्या गुडघेदुखीशी त्याचं काही देणंघेणं नसतं. पण जे रसायन किड्याच्या शरीरात ढवळाढवळ करतं, ते आपल्या शरीरातही काहीतरी करण्याची शक्यता असते. या 'काहीतरी करण्या'ला शास्त्रज्ञ जैविक सक्रियता म्हणतात. ती फायद्याची असेल किंवा तोट्याची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

अर्क म्हणजे सगळी साल नव्हे

प्रयोगशाळेत साल सावलीत वाळवतात, तिची भुकटी करतात, ती एखाद्या द्रवात भिजवून किंवा उकळून गाळतात आणि द्रव उडवून लावतात. तळाशी उरतो तो अर्क. हा द्रव पाणी असू शकतो, अल्कोहोल असू शकतो किंवा हेक्झेनसारखं पेट्रोलच्या जातीचं रसायनही असू शकतं.

आपण रोज चहा करतो तेव्हा हेच करत असतो. पत्ती तीच, पण थंड पाण्यात टाकली तर नुसता रंग उतरतो, उकळली की कडकपणा येतो, जास्त उकळली की जीभ आवळते, दूध घातलं की ती आवळ पुन्हा सौम्य होते. सालीचंही तसंच. पाण्यात तुरट द्रव्यं उतरतात, अल्कोहोलमध्ये आणखी काही उतरतात, आणि तेलकट स्वभावाची द्रव्यं पाण्यात उतरतच नाहीत. 'मिथेनॉल अर्काने जंतू मारले' असं संशोधनात लिहिलेलं असताना आपण घरी पाण्यात काढा केला, तर त्यात ते द्रव्य आलंच असेल याची खात्री नसते. आणि मिथेनॉल पिण्याची वस्तू नव्हे, त्याने दृष्टी जाते आणि जीवही जातो. बातमीत हा एक शब्द बहुतेक वेळा गाळलेला असतो.

तुरट सालींची चलती

सालींवरच्या संशोधनात वारंवार येणारा शब्द म्हणजे टॅनिन. टॅनिन म्हणजे ते तुरट द्रव्य. हिरडा, बाभळीची साल, अर्जुन, ऐन, जांभळाची साल, सगळ्यांत ते भरपूर असतं. त्याचा खरा गुण बघायचा असेल तर कोल्हापुरी चप्पल हातात घ्यावी. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत. तिचं कातडं जुन्या पद्धतीने कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट चिकटतं, त्यामुळे ते कातडं कुजत नाही.

प्रथिनाला चिकटण्याचा हा गुण काही निवडक नाही. समोर कातडं असो, जिभेवरची लाळ असो की जंतूचं आवरण असो, टॅनिन चिकटतं. त्यामुळे जवळजवळ कुठलीही तुरट साल घ्या, तिचा अर्क काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर टाका, थोडाफार परिणाम दिसणारच. बशीत अर्काभोवती जंतू न वाढलेलं एक स्वच्छ कडं दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी एखादं प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते, तुलनेसाठी ठेवतात. अर्काचं कडं १६ मिलिमीटर आणि औषधाचं २० असं काही आलं की बातमी तयार होते: 'साल प्रतिजैविकाच्या तोडीची'.

इथे एक आकडा विचारायला हवा. दोन्हींचं वजन किती होतं? जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चाचणीच्या चकतीत औषध असतं अवघं १० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सालीचा अर्क मात्र बऱ्याचदा मिलिग्रॅममध्ये घातलेला असतो, म्हणजे शेकडो पट जास्त. कडी जवळपास सारखी दिसली तरी ताकद सारखी नसते.

अँटिऑक्सिडंट हा शब्दही असाच. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही चंचल, तोडफोड करणारे कण तयार होतात, त्यांना शांत करणारं द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्याची स्वस्त आणि लोकप्रिय चाचणी डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनावर करतात. अर्क घातला आणि जांभळा रंग जाऊन पिवळसर झाला की अर्क पास. तुरट साली या परीक्षेत पहिल्या वर्गात येतात, कारण टॅनिन हे काम सहज करतं. पण टॅनिनचे मोठे कण आतड्यातून रक्तात फारसे जातच नाहीत. परीक्षानळीतला रंग बदलला म्हणून रक्तवाहिनीत काही बदललं असं होत नाही. 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट' एवढ्याच आधारावर कुणी चूर्ण विकत असेल तर ते घेऊ नका, असं मी स्पष्टपणे सांगेन.

कर्करोग बशीत मरतो, माणसात का मरत नाही?

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण सर्वांत जास्त आशा आणि सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते.

कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवता येतात. त्यांवर अर्क घालतात, एक ते तीन दिवस ठेवतात, मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. रंगावरून किती पेशी उरल्या ते कळतं. निम्म्या पेशींचा निकाल लावायला अर्काची जेवढी तीव्रता लागते तो आकडा शोधनिबंधात छापतात. आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणीत कच्चा अर्क लक्ष देण्याजोगा मानायला हा आकडा दर मिलिलिटरला साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असावा लागतो. बातमीतल्या अर्काचा आकडा कधी १०० असतो, कधी ५००.

समजा तो १०० आहे. आता हिशोब करू. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे ५,००० मिलिलिटर. एवढ्या रक्तात तीच तीव्रता आणायची तर ५ लाख मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम अर्क रक्तात पोहोचायला हवा. वाचायला सोपं वाटतं. पण आतड्यातून शंभरातला एकच भाग रक्तात गेला असं धरा, मग गिळायला लागेल ५० ग्रॅम सुका अर्क. सालीच्या वजनाच्या दहावा हिस्सा अर्क निघतो असं धरा, मग साल लागेल अर्धा किलो. एका वेळेला. आणि बशीतल्या पेशी तीन-तीन दिवस त्या अर्कात बुडालेल्या असतात, तर आपलं यकृत आणि मूत्रपिंड अंगात आलेलं परकं द्रव्य काही तासांत मोडायला आणि बाहेर टाकायला लागतात. म्हणजे दिवसातून अनेकदा, रोज, अर्धा-अर्धा किलो सालीचा अर्क. तोवर पोटाचं काय होईल?

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. मिठाचं दाट पाणी किंवा फिनेल ओतलं तरी बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मरतात. मारणं अवघड नाहीच. कर्करोगाची पेशी मारताना शेजारची निरोगी पेशी वाचवणं अवघड आहे. म्हणून चांगल्या संशोधनात त्याच अर्काची चाचणी निरोगी पेशींवरही केलेली असते. बातमी वाचताना हे वाक्य शोधा. सापडलं नाही तर त्या बातमीतून काही ठरवता येत नाही.

नंदुरबारचे वाणी आणि आपला नरक्या

सालीतून खरं औषध कसं निघतं, याची गोष्ट आपल्याच माणसाची आणि आपल्याच डोंगराची आहे. ती इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. उत्तर कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत त्यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर काम केलं. चीनमधल्या एका झाडातून या दोघांच्या गटाने १९६६ साली कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं करून त्याची रचना सांगितली. १९७१ साली त्यांनी दुसऱ्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेल नावाने जे सलाइनमधून देतात ते हेच.

पॅसिफिक यूची साल पहिल्यांदा गोळा झाली १९६२ मध्ये. औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर १९९२ मध्ये. मधली तीस वर्षं कुठे गेली? द्रव्य वेगळं करण्यात, रचना कळण्यात, ते पेशीत नेमकं काय करतं हे शोधण्यात, पाण्यात न विरघळणारं द्रव्य शिरेतून द्यायचं कसं हे सोडवण्यात, आणि मग माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या घेण्यात. शिवाय एक किलो टॅक्सॉलला साधारण दहा टन साल लागत होती आणि साल काढली की झाड मरत होतं. शेवटी शास्त्रज्ञांनी यूच्याच दुसऱ्या जातीच्या पानांतून जवळचं द्रव्य घेऊन त्यापासून टॅक्सॉल बनवायची वाट काढली. पाने तोडली तर झाड पुन्हा फुटतं, म्हणून हा मार्ग टिकला.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं की सह्याद्रीतल्या नरक्या या लहानखुऱ्या झाडात तेच कॅम्प्टोथेसिन आहे, आणि मूळच्या चिनी झाडापेक्षा बरंच जास्त. नरक्या महाबळेश्वर, कोयना, पाटण, चांदोलीकडच्या सदाहरित रानात वाढतो. फुलांना उग्र वास, नजरेत भरावं असं काही नाही. पण त्याच्या सुक्या लाकडात आणि सालीत साधारण हजारात एक भाग हे द्रव्य असतं. म्हणजे एक किलो द्रव्याला एक टन माल. परदेशातल्या कारखान्यांकडून मागणी आली आणि पोती भरायला सुरुवात झाली. वनखात्याच्या त्या दुसऱ्या बातमीचं मूळ हे आहे.

इथे कुणी म्हणेल, मग काय, कर्करोगावरचं औषध आमच्याच रानात आहे, सरळ काढा करून का पिऊ नये? त्याचं उत्तर दवाखान्यांत आधीच मिळालेलं आहे. १९७०च्या आसपास कॅम्प्टोथेसिनचाच एक क्षार रुग्णांना देऊन पाहिला गेला. त्यांच्या मूत्राशयातून रक्त जायला लागलं, जुलाब आटोक्यात येईनात, रक्तातल्या पेशी घसरल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

असं का झालं ते १९८५च्या सुमारास कळलं. पेशी दुभंगताना तिच्यातली डीएनएची दुहेरी साखळी उलगडावी लागते आणि त्यात पीळ पडतो. तो काढायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, साखळीची एक बाजू क्षणभर कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन हे जोडणं अडवतं. तुटलेली साखळी घेऊन पेशी दुभंगायला गेली की मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून जास्त मरतात, पण अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं यांतल्या निरोगी पेशीही भराभर दुभंगत असतात. त्या कशा वाचणार?

द्रव्याच्या रचनेत फेरफार करून, मात्रा बांधून, १९९६ साली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली. पहिलं अंडाशयाच्या, दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. ती देतानाही रुग्णाची रक्ततपासणी करून, वजन-उंचीवरून मात्रा ठरवून, डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात. नरक्याचा काढा पिणारा माणूस कर्करोगावरचं औषध घेत नसतो. चाचण्यांत थांबवावं लागलेलं विष, मात्रा न मोजता, तो पोटात घालत असतो.

"पण आमच्या आजोबांना अर्जुनाने गुण आला होता"

आला असेल. अर्जुनाला नरक्याच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं होईल. त्याची साल पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. वाग्भट या प्राचीन वैद्यापासून तिचा हृदयरोगाशी संबंध सांगितला आहे आणि चक्रदत्त या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती दुधात उकळून घ्यायची पद्धत आहे. दुधातली प्रथिनं काही टॅनिन पकडून ठेवतात, म्हणून हा क्षीरपाक पोटाला सौम्य पडत असावा, असं मला वाटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणि माणसांवरच्या लहान चाचण्यांत अर्जुनाबद्दल काही आशादायक निष्कर्ष आलेले आहेत.

पण काटेकोर चाचणी झाली तेव्हा काय दिसलं? दिल्लीच्या एम्समध्ये हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांची नेहमीची औषधं चालू ठेवून काहींना १२ आठवडे सालीचा पाण्यातला अर्क दिला आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता अर्काने वाढली नाही. काही रुग्णांची हालचाल करण्याची ताकद आणि लक्षणं मात्र थोडी सुधारली. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने अर्जुनाला निकामी ठरवलं नाही आणि डोक्यावरही घेतलं नाही. शिवाय त्या रुग्णांची गोळी कुणी बंद केलेली नव्हती. तुमची, तुमच्या वडिलांची करू नका.

आजोबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. त्यांनी साल घेतली तेव्हा बहुधा जेवणही बदललं, तंबाखू कमी केली, रोज नदीपर्यंत चालत गेले. दुखणं आपोआप उतरायचे दिवसही आले असतील. यातलं कशामुळे बरं वाटलं हे एका माणसावरून ठरवता येत नाही. म्हणूनच चाचणीत दोन गट लागतात.

"झाडपाल्याने अपाय होत नाही"

होतो. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी क्विनाइन वेगळं केलं. मलेरियावर ते शंभराहून अधिक वर्षं आधार होतं, पण मात्रा चुकली की कानात घूं होतं आणि नजर अधू होते. विलोच्या सालीने ताप उतरतो हे एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. आपल्या ओढ्यांकाठी वाढणारा वाळुंज त्याच कुळातला. त्या धाग्यावरून निघालेलं सॅलिसिलिक आम्ल जठराला सोसवेना, म्हणून १८९७ साली त्यात बदल करून ॲस्पिरिन तयार झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने अशी साल उकळून घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्यांबरोबरही काढ्यांचा मेळ बिघडू शकतो. डॉक्टर विचारतील तेव्हा काढा लपवू नका.

मग ओळख पटवण्याचा प्रश्न. जुलाबावर पांढऱ्या कुड्याची साल सांगितली आहे. रानात त्याच्यासारखाच काळा कुडा असतो, दोघांना पांढरा चीक, दोघांना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाला जुळलेल्या असतात, एवढी खूण झाड समोर असेल तर उपयोगी पडते. साल सोलून, वाळवून काष्ठौषधीच्या दुकानात पोत्यात आल्यावर कुठल्या शेंगा बघणार? अशोकाचंही तेच. खऱ्या सीता-अशोकाच्या जागी बंगल्यांच्या कडेने लावतात त्या उंच खोट्या अशोकाची साल बाजारात येते, ही जुनी आणि माहीत असलेली भेसळ आहे. अर्जुनाची साल गुळगुळीत, राखी-गुलाबी, पापुद्रे सुटणारी आणि ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, हे उभ्या झाडावर पोरसुद्धा सांगेल. भुकटी झाल्यावर सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक तपासणी लागते. घ्यायचंच असेल तर परवाना क्रमांक आणि तारीख छापलेलं औषध, वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. सुटी भुकटी नको.

मग कॉलेजातलं संशोधन वाया जातं का?

मुळीच नाही. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राची, सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं सालींचे अर्क तपासतात ती पहिली चाळणी असते. हजार झाडांतून कशाकडे पुढे बघायचं हे तिथेच ठरतं. कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉलसुद्धा असल्याच चाळणीतून वर आले. शिवाय ती मुलं झाड ओळखायला शिकतात, नमुना नीट नोंदवून ठेवायला शिकतात. मार्गदर्शक शिक्षकांना एकच विनंती करावीशी वाटते. पत्रकाराशी बोलताना 'हा बशीतला निष्कर्ष आहे, माणसांवर चाचणी झालेली नाही' हे वाक्य आग्रहाने छापायला लावा.

आणि कंपन्या अशी औषधं दाबून ठेवतात, हा नेहमीचा आक्षेप? सालीतून औषध निघालं तेव्हा कंपन्यांनी ते दाबलं नाही, विकलं आणि भरपूर कमावलं. टॅक्सॉल हेच त्याचं उदाहरण. किमतीबद्दल त्यांना जाब जरूर विचारावा, तो वेगळा आणि रास्त भांडणाचा विषय आहे.

साल सोलल्यावर झाडाचं काय होतं

सुरुवातीला सांगितलं की झाडाचं अन्न आतल्या सालीतून खाली जातं. खोडाभोवती गोल साल काढली की वाट तुटते, मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. बातमीनंतर ओढ्याकाठचा अर्जुन माणसाच्या उंचीपर्यंत सोललेला दिसतो, तो बहुधा वाचत नाही. स्वतःच्या बांधावरच्या झाडाची साल घ्यायचीच असेल तर पूर्ण वाढलेल्या झाडाची, एका बाजूने, उभ्या अरुंद पट्टीत, लाकडाला लागून असलेला ओला थर न दुखावता घ्यावी आणि ती जागा भरून येईपर्यंत दुसरीकडे हात लावू नये. छाटलेल्या फांद्यांची साल मिळत असेल तर खोडाला हात लावायचं कारणच नाही.

नरक्याच्या बाबतीत ही सूट नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथून काडीही उचलणं गुन्हा आहे. बाहेरच्या वनातूनही परवानगीशिवाय माल नेता येत नाही, आणि व्यापारासाठी रानातली संपत्ती वापरायची तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिकांना लाभात वाटा द्यावा लागतो. पोत्याला मिळेल ते घेऊन माल देणाऱ्या वाडीतल्या माणसापर्यंत हा वाटा पोहोचत नाही, तरी पकडला जातो तोच.

पर्याय शोधले जात आहेत. जम्मूच्या शास्त्रज्ञांच्या गटाने २००५ साली नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन बनवते असं दाखवलं. बुरशी टाकीत वाढवता आली असती तर एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नसती. अडचण अशी की झाडाबाहेर पिढ्या वाढवत गेलं की अशा बुरशींची ही क्षमता ओसरत जाते. त्यावर काम चालू आहे. नरक्याची लागवड हा दुसरा मार्ग. पाटण-जावळीच्या पडीक उतारांवर, खरेदीदाराशी आधी लेखी करार करून, लागवडीचा माल कायदेशीर विकला गेला तर रानातल्या झाडावरचा भार उतरेल.

तोपर्यंत, रानात फिरताना बुंध्याशी तोडलेली लहान झाडं, सोललेली खोडं किंवा वाटेकडेला लपवून ठेवलेली लाकडाच्या ढलप्यांची पोती दिसली तर जवळ जाऊ नका, कुणाशी वाद घालू नका. जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.